प्रकल्प नोंदी : मुंबई गिरणीमालक संघाचा इतिहास

४ जून

कामाची चौकट आज ठरली. १८७५ साली स्थापन झालेल्या मुंबई गिरणीमालक संघाचा, म्हणजे बॉम्बे मिलओनर्स असोसिएशनचा इतिहास मराठीत लिहायचा. गिरणगावावर मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं आहे. संप, चाळी, खाणावळी, शाहिरी, लाल बावटा, सगळं आहे. वाटाघाटींच्या टेबलापलीकडे कोण बसलं होतं आणि त्यांच्यात आपापसांत काय चाललं होतं, याकडे मात्र फारसं कुणी वळलेलं नाही. मालक म्हटले की सगळे एकाच मुठीतले, असं आपण धरून चालतो.

गेल्या काही महिन्यांच्या वाचनातून माझं मत उलट बनत चाललं आहे. संघाला कामगारांइतकंच, कधीकधी जास्तच, स्वतःच्या सभासदांना सांभाळावं लागलं. एकाने पगार कापला आणि शेजारच्याने कापला नाही, एकाने दिवे लावून गिरणी रात्रीपर्यंत चालवली आणि दुसऱ्याने बंद ठेवली, अशी ही कायमची ओढाताण होती. बाहेरून धक्का बसला की एकी व्हायची. धक्का कधी इंग्लंडातल्या कापडगिरण्यांच्या मुलखाचा, लँकेशायरचा, कधी सरकारचा, कधी परळ-लालबागच्या रस्त्यांवरचा. पुस्तक या सूत्रावर उभं करायचं.

मुख्य साधन संघाचे वार्षिक अहवाल. वर्षभराचा पत्रव्यवहार, सभांचे वृत्तांत, सरकारकडे केलेले अर्ज आणि आकड्यांचे तक्ते, असं सगळं त्यात छापलेलं असतं. वाचायला रूक्ष, पण काय लपवायचं हे ठरवायच्या आधीच बरंच छापून गेलेलं आहे.

९ जून

स्थापनेचं प्रकरण. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईतली पहिली सूतगिरणी कंपनी काढली. त्यानंतर वीस वर्षं मालकांना संघटनेची गरज वाटली नाही. मग १८७५ मध्येच का वाटली? उत्तर लँकेशायरच्या मँचेस्टरमध्ये सापडतं. १८७४ मध्ये मँचेस्टरच्या व्यापाऱ्यांनी विलायती कापडावरची हिंदुस्थानातली आयात जकात उठवावी म्हणून अर्ज केला. त्याच सुमारास हिंदुस्थानातल्या गिरण्यांत मुलं आणि बायका किती तास राबतात, हा प्रश्न इंग्लंडात गाजू लागला. कळकळ काहींची खरी होती, यात शंका नाही. पण लँकेशायरच्या गिरण्यांना कायद्याने तास बांधलेले आणि मुंबईला मोकळं रान, हेही तिथल्या मालकांना खुपत होतं.

१८७५ मध्ये मुंबई सरकारने कलेक्टर आर्बथनॉट यांच्या अध्यक्षतेखाली गिरण्यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात दिनशा माणेकजी पेटिट आणि मोरारजी गोकुळदास हे गिरणीमालकही होते. कायद्याची गरज नाही, असा बहुमताचा कौल पडला. संघाचा जन्म याच वर्षातला. म्हणजे मालक पहिल्यांदा एकत्र आले ते कामगारांच्या विरोधात नव्हे, तर परदेशातल्या मालकांच्या आणि येऊ घातलेल्या कायद्याच्या विरोधात. त्या वेळी कामगारांची संघटनाच नव्हती.

पेटिट पुढे बरीच वर्षं संघाचे अध्यक्ष होते. त्यांच्यावर स्वतंत्र टिपण करायचं आहे. १८८७ मध्ये सुरू झालेल्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे आजच्या माटुंग्याच्या व्हीजेटीआयच्या, उभारणीत त्यांचा आणि इतर गिरणीमालकांचा पैसा आहे. गिरण्यांना लँकेशायरहून आणलेल्या मास्तरांवर, म्हणजे कताई-विणाईच्या खात्यांच्या तांत्रिक प्रमुखांवर, अवलंबून राहायचं नव्हतं. इथलीच माणसं त्यांना तयार हवी होती.

१३ जून

१८८१ चा कारखाना कायदा. शंभर आणि त्याहून जास्त माणसं असलेल्या कारखान्यांना लागू. सात वर्षांखालचं मूल कामावर ठेवायचं नाही, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचं नाही. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नाही. तरीही संघाचा विरोध होता. मसुद्याची सुरुवात मुंबईच्याच सोराबजी शापुरजी बंगाली यांनी केली होती, ही बाब प्रकरणात ठळक यायला हवी. लँकेशायरचं कारस्थान एवढंच कारण पुढे केलं की त्यांच्यासारख्या माणसांचं काम झाकलं जातं.

१८ जून

आज दिवसभर १८९० साल. या नोंदीला जास्त जागा देते आहे, कारण संघाच्या ठरावाने लाखो माणसांच्या आयुष्याची घडी बदलली असे प्रसंग थोडे आणि हा त्यातला पहिला.

नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक चळवळीतले, 'दीनबंधु'चे संपादक. १८८४ च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. मागण्या पाहिल्या की त्या वेळचा दिवस डोळ्यांसमोर उभा राहतो: आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, कामावर जखमी झालेल्याला भरपाई. पंधरा तारखेच्या आत पगार मागावा लागतो, म्हणजे तोवर तो त्याहून उशिरा होत होता. तेवढे दिवस घर वाण्याच्या उधारीवर चालायचं. नोकरी सोडून जाणाऱ्याचा थकलेला पगार गिरणीकडेच असायचा, त्यामुळे सोडून जाणंही सोपं नव्हतं.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. दोन बायका त्या सभेत बोलल्या. साप्ताहिक सुट्टीचा अर्ज संघाकडे गेला आणि १० जून १८९० ला संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. कायदा अजून झालेला नव्हता. तो पुढच्या वर्षी, १८९१ मध्ये आला. त्यात मुलांचं किमान वय नऊ झालं, बायकांचे तास अकरावर बांधले गेले आणि आठवड्याची सुट्टी कायद्यात आली.

सुट्टी प्रत्येक गिरणीने आपापली न देता संघाने एकत्र का दिली? गिरणीचा कारभार चालवणाऱ्या एजंटांच्या मोबदल्याची पद्धत पाहिली की कारण कळतं. त्या काळी बऱ्याच गिरण्यांच्या मॅनेजिंग एजंटांना निघालेल्या प्रत्येक पौंड सुतामागे पाव आणा कमिशन मिळायचं. नफा होवो न होवो, सूत निघालं की कमिशन पक्कं. असा एजंट यंत्रं एक दिवसही बंद ठेवायला राजी कसा होणार? एकट्याने सुट्टी दिली तर शेजारचा पुढे जाणार. सगळ्यांनी एकाच वारी बंद ठेवलं तरच ते जमणार होतं. लोखंडे हे ओळखून होते, असं मला त्यांच्या अर्जांवरून वाटतं. त्यांनी एकेका गिरणीच्या दारात न जाता थेट संघाला गाठलं. ९ फेब्रुवारी १८९७ ला प्लेगने त्यांचा मृत्यू झाला. गिरणगावात आजही त्यांची आठवण रविवारच्या सुट्टीसाठी काढली जाते आणि ती योग्यच आहे. पुस्तकात संघाच्या ठरावाशेजारी त्यांचा १८८४ चा अर्ज पूर्ण छापायचा.

२३ जून

संघ दरवर्षी देशभरातल्या गिरण्यांचा तक्ता छापत असे. गिरणीचं नाव, एजंटांचं नाव, भांडवल, चात्या (सूत कातायच्या), साचे (कापड विणायचे माग), रोज कामावर असलेली सरासरी माणसं, वर्षभरात लागलेला कापूस. कापूस खंडीत मोजलेला, ७८४ पौंडांची एक खंडी. १८७६ साली देशात ४७ गिरण्या आणि सुमारे अकरा लाख चात्या. १९१४ साली २७१ गिरण्या, सुमारे ६८ लाख चात्या, एक लाखावर साचे आणि अडीच लाखांवर माणसं.

हिंदुस्थानच्या कापड उद्योगावरचं जवळजवळ सगळं जुनं संशोधन या तक्त्यांवर उभं आहे. सरकारसुद्धा हेच आकडे वापरत असे. मालकांनी आपल्या गरजेपोटी ठेवलेला हिशेब आज कामगारांच्या इतिहासाचंही साधन झाला आहे. पण तक्त्यातली सरासरी माणसं म्हणजे त्या दिवशी यंत्रावर उभी असलेली माणसं. दारात उभा राहून काम न मिळाल्याने परत गेलेला माणूस त्यात कुठेच नाही. ही मर्यादा पुस्तकाच्या सुरुवातीलाच सांगायची.

२८ जून

प्लेग. १८९६ च्या सप्टेंबरमध्ये मांडवीत रोग दिसला आणि काही महिन्यांत शहर रिकामं होऊ लागलं. कोकणातली, देशावरची माणसं गावी निघून गेली. गिरण्यांना माणसं मिळेनात. काही गिरण्या महिन्याच्या पगाराऐवजी रोजच्या रोज पैसे मोजू लागल्या. रस्त्याच्या नाक्यावर जॉबर, म्हणजे माणसांची भरती करणारे मुकादम, एकमेकांवर बोली चढवून माणसं पळवू लागले. एकमेकांची माणसं ओढायची नाहीत, असं मालकांनी कितीही ठरवलं तरी चात्या थांबलेल्या असताना ते पाळणार कोण? साथ ओसरल्यावर पुन्हा महिन्याचा पगार लावायला गेले तेव्हा कामगारांनी विरोध केला. मालकांची फूट इतकी उघडपणे पुन्हा क्वचितच दिसली असेल.

१९०५ च्या सुमारास गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि दिवस तेरा-चौदा तासांवर गेला. त्यावरही मालकांत एकमत नव्हतं. शेवटी १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर बांधला. हा भाग पुस्तकात दोन पानांत संपवायचा.

३ जुलै

आज साडेतीन टक्क्यांच्या जकातीची फाईल पूर्ण झाली. १८९६ मध्ये सरकारने विलायती कापडावर साडेतीन टक्के आयात जकात ठेवली आणि लँकेशायरला समान वागणूक म्हणून इथल्या गिरण्यांत विणलेल्या कापडावरही साडेतीन टक्के कर बसवला. तीस वर्षं संघाच्या प्रत्येक अहवालात या कराविरुद्ध अर्ज आहेत. १९१७ मध्ये आयात जकात साडेसात टक्के झाली, १९२१ मध्ये अकरा. देशी कापडावरचा कर तेवढाच राहिला.

या एका प्रश्नावर मालक आणि राष्ट्रीय चळवळ एका बाजूला होत्या. दिनशा वाच्छा यांचं उदाहरण घ्या. गिरणी व्यवस्थापनात मुरलेले, संघाच्या समितीवर असलेले, आणि १९०१ च्या काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष. कारखाना कायद्यांना विरोध आणि साम्राज्याच्या आर्थिक धोरणावर टीका, दोन्ही त्यांनी प्रामाणिकपणे केलं. आजच्या वाचकाला यात विसंगती वाटेल. त्या पिढीला देशी उद्योग टिकणं हीच पहिली देशसेवा वाटत होती. यावर निवाडा देत बसायचं नाही. दोन्ही बाजू कागदपत्रांनिशी मांडायच्या.

आणि हा कर उठला कसा? तो कामगारांच्या संपाने उठला. ही गोष्ट पुढच्या नोंदीत सविस्तर.

८ जुलै

१९२४ आणि १९२५ एकत्र वाचायला हवीत. पहिल्या महायुद्धातल्या मोठ्या नफ्याच्या वर्षांत गिरण्यांनी कामगारांना वार्षिक बोनस द्यायला सुरुवात केली. १९२३ सालासाठी तो नाकारला. जानेवारी १९२४ मध्ये संप सुरू झाला आणि मार्चपर्यंत चालला. सर नॉर्मन मॅक्लाऊड यांच्या समितीने सांगितलं की बोनसवर कामगारांचा अंमलात आणता येईल असा हक्क नाही. संप मोडला. 'बोनस ही मालकाची खुशी' ही भूमिका संघाने इथे पक्की केली. तिचा निकाल लागायला पुढे पाव शतक गेलं.

१९२५ मध्ये मंदीचं कारण देऊन संघाने साडेअकरा टक्के पगारकपात जाहीर केली. सरकारने देशी कापडावरचा कर उठवला तर कपात मागे घेऊ, असंही सांगितलं. सप्टेंबरमध्ये सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. तीन महिने गिरण्या बंद. डिसेंबरमध्ये व्हाईसरॉयने कर स्थगित केला, कपात मागे घेतली गेली, भोंगे पुन्हा वाजले. पुढच्या वर्षी करच रद्द झाला. संघाचे तीस वर्षांचे अर्ज जे करू शकले नाहीत ते कामगारांच्या रिकाम्या पोटांनी करून दाखवलं. हे वाक्य मी मसुद्यात ठेवणार आहे. कुणी भावनिक म्हटलं तरी हरकत नाही, घटनांचा क्रम तोच सांगतो.

१५ जुलै

१९२८. पुस्तकाचं मध्यवर्ती प्रकरण इथे येणार.

एप्रिल ते ऑक्टोबर, सहा महिने, जवळपास ऐंशी गिरण्या, दीड लाख माणसं. संयुक्त संप समितीत ना. म. जोशी यांच्यासारखे नेमस्त आणि डांगे, निंबकर, मिरजकर, अर्जुन आळवे यांच्यासारखे गिरणी कामगार युनियनचे लोक एकत्र बसले. सतरा मागण्या होत्या. वादाचं मूळ रॅशनलायझेशनमध्ये, म्हणजे कमी माणसांकडून जास्त काम काढण्यात. एका माणसाने दोनऐवजी तीन साचे चालवायचे, सूत कातायच्या रिंगखात्यात एकाच पोराने दोन्ही बाजू सांभाळायच्या. सासून समूहाच्या गिरण्यांनी हे आधी सुरू केलं होतं.

पगाराचं दुखणं त्याहून जुनं. प्रत्येक गिरणीचे दर वेगळे. तेच कापड, तीच लांबी, तोच सुताचा नंबर, पण भिंतीपलीकडच्या गिरणीत विणकराला वेगळा दर. त्यामुळे आपल्या हातात किती पडणार याचा हिशेब कामगाराला कधी लागत नसे, आणि शेजारी काय देतो हे मालकालाही नीट कळत नसे. दर प्रमाणित करा ही मागणी संपवाल्यांनी लावून धरली. संघाला आपल्या सभासदांकडून खरे दर गोळा करून यादी बनवावी लागली. सर चार्ल्स फॉसेट यांच्या समितीपुढे ही यादी आणि स्थायी आदेशांचा मसुदा, दोन्ही ठेवले गेले. कामाची वेळ, उशीर, दंड, नोटीस, गैरवर्तन म्हणजे काय, हे सगळ्या गिरण्यांसाठी एकसारखं लिहिलं गेलं. मालकांना एका ओळीत उभं करण्याचं काम असं संपाने केलं.

१९२९ मध्ये पुन्हा संप झाला आणि दरांची ती यादी अंमलात यायची राहून गेली. दर खरोखर प्रमाणित झाले ते १९४७ च्या औद्योगिक न्यायालयाच्या निवाड्याने. त्यात २६ दिवसांच्या कामाला किमान ३० रुपये मूळ पगार ठरला आणि महागाई भत्ता वेगळा. १९२८ ते १९४७, एकोणीस वर्षं.

या प्रकरणात एक गोष्ट टाळता येणार नाही, टाळायचीही नाही. साचेखात्यात पगार जास्त आणि तिथे अस्पृश्य कामगारांना प्रवेश नव्हता. आडवा धागा नेणाऱ्या जुन्या धोट्यात सुताची नवी कांडी घातली की सुताचं टोक बारीक छिद्रातून बाहेर काढण्यासाठी विणकर धोट्याला तोंड लावून ते ओढून घेई. तो धोटा हातोहात फिरणारा. सवर्ण विणकरांना त्याचा विटाळ वाटे. म्हणून महार कामगार रिंगखात्यात, कमी पगारावर. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना बजावलं की ही बंदी उठवण्याची मागणी यादीत आली नाही तर आमचे लोक संपात राहणार नाहीत. मागणी यादीत आली.

संघाच्या बाजूने पाहिलं तर ही बंदी मालकांनी लिहिलेल्या कुठल्या नियमात नव्हती. भरती जॉबर करायचा, खात्यातले लोक ठरवायचे, आणि साचे फिरत राहिले की मालक बघत नसत. हाताने धागा ओवायचा धोटा तेव्हा मिळत होता. तो सक्तीने बसवला असता तर निदान एक सबब गेली असती. संघाने दंड-नोटिशीचे नियम एकसारखे केले आणि हा प्रश्न खात्यावर सोडून दिला, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत मोठं अपयश वाटतं. प्रकरणात ते त्याच शब्दांत लिहिणार आहे.

२० जुलै

लालबागला एका निवृत्त कामगार काकांना भेटले. सत्तरच्या दशकात ते एका गिरणीत बदली म्हणून, म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी, लागले, बरीच वर्षं बदलीच राहिले. मला बदली कार्डाबद्दल ऐकायचं होतं.

"कार्ड असलं म्हणजे काम असं नव्हे गं," ते म्हणाले. "कार्ड असलं की दारात उभं राहायचा हक्क. पहिल्या पाळीच्या भोंग्याआधी पोचायचं. कायमवाल्यांपैकी कुणी खाडा केला तर आपलं नाव. नाही तर घरी. दुसऱ्या पाळीला परत."

"काका, मग जॉबरला काही द्यावं लागायचं?"

"माझ्या वेळेला उघड नाही. पण त्याच्या गावचा असलास तर बरं असायचं. माझे वडील सांगायचे, त्यांच्या वेळी दस्तुरी दिल्याशिवाय दार उघडत नव्हतं."

ही कार्डपद्धत संघाची. १९३४ च्या सार्वत्रिक संपानंतर, १९३५ मध्ये, संघाने ती सभासद गिरण्यांत लागू केली. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक लोकांना कार्डं द्यायची, रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या, म्हणजे दारात रोज नवी गर्दी नको आणि जॉबरच्या हातात सगळा कारभार नको. १९३१ च्या शाही कामगार आयोगाने जॉबरच्या सत्तेवर बोट ठेवलं होतं. १९३४ मध्येच मुंबई सरकारने सलोख्याचा कायदा करून कामगार अधिकारी नेमला आणि संघानेही आपला कामगार अधिकारी नेमला. तोवर मालक आणि कामगार यांच्यामधलं माणूस म्हणजे जॉबरच होता.

योजनेचा हेतू चांगला होता, काही प्रमाणात ती यशस्वीही झाली. पण तात्पुरत्या माणसांना शिस्त लावण्यासाठी काढलेलं कार्ड चाळीस-पंचेचाळीस वर्षांनंतरही या काकांच्या खिशात होतं. बदली हाच कायमचा दर्जा होऊन बसला. त्यांनी परवानगी दिली तर मुलाखत नावाशिवाय छापायची.

२६ जुलै

होमी मोदी. १९२९ ते १९३४ संघाची सूत्रं त्यांच्याकडे होती. ऑक्टोबर १९३३ मध्ये त्यांनी लँकेशायरच्या शिष्टमंडळाचे प्रमुख क्लेअर-लीस यांच्याशी करार केला. ब्रिटिश कापडावरच्या जकातीत सवलत, बदल्यात लँकेशायरने हिंदुस्थानचा कापूस जास्त घ्यायचा. ज्या लँकेशायरच्या भीतीने संघ जन्मला त्याच्याशीच हातमिळवणी, कारण आता खरा स्पर्धक जपान होता. अहमदाबादचे मालक संतापले. त्यांचा संघ १८९१ पासून वेगळा होता, त्यांचं कापड बारीक सुताचं आणि ब्रिटिश मालाशी थेट टक्कर घेणारं. मुंबईच्या संघाने सगळ्या देशाच्या नावाने बोलू नये, ही त्यांची तक्रार रास्त होती.

त्याच वर्षी एम्प्लॉयर्स फेडरेशन ऑफ इंडिया स्थापन झाली, अध्यक्ष मोदीच. प्रादेशिक संघातून अखिल भारतीय संघटना उभी राहण्याचा हा टप्पा. यावर जास्त लांबायचं नाही, तो वेगळ्या पुस्तकाचा विषय आहे.

३१ जुलै

बोनसचं सूत्र. कायद्याच्या विद्यार्थ्यांना 'मिल ओनर्स असोसिएशन विरुद्ध राष्ट्रीय मिल मजदूर संघ, १९५०' हा मालक संघ आणि कामगारांची युनियन यांच्यातला निवाडा पाठ असतो. तो गिरणगावातून आला हे मात्र बोनस घेणाऱ्या बहुतेकांना ठाऊक नसतं.

वाद १९४९ सालच्या बोनसचा. कामगार अपील न्यायाधिकरणाच्या पूर्ण पीठाने हिशेबाची रीत घालून दिली. एकूण नफा घ्या. त्यातून घसारा वजा करा, यंत्रं बदलण्यासाठी लागणारा पुनर्वसन निधी वजा करा, आयकर वजा करा, भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के आणि धंद्यात गुंतलेल्या गंगाजळीवर त्याहून कमी दराने परतावा वजा करा. जे उरेल ते उपलब्ध अधिक्य. त्यात कामगारांचाही वाटा.

पुनर्वसनाच्या रकमेवर सगळ्यात जास्त भांडण झालं. कारण उघड आहे. गिरण्यांची यंत्रं युद्धाआधीची, काही तर गेल्या शतकातली. ती त्या वेळच्या भावाने घेतलेली. आज बदलायची तर कितीतरी पट खर्च. मालक संघ म्हणे, तो खर्च आधी काढून ठेवू द्या. कामगार म्हणत, दरवर्षी यंत्रांच्या नावाने पैसा बाजूला पडतो, मग खात्यात साचे तेच जुने का? बोनस मिळणार की नाही हे चात्यांच्या वयावर ठरू लागलं. या प्रश्नाचं उत्तर पुढे गिरण्या बंद पडताना सगळ्यांनी पाहिलं. पुष्कळ गिरण्यांत यंत्रं खरोखरच बदललेली नव्हती.

१९२४ ला 'हक्क नाही' म्हणून संपलेली गोष्ट १९५० ला 'हिशेब करून द्या' इथवर आली. मग बोनसवरचा मेहेर आयोग, आणि १९६५ चा बोनस कायदा. आज देशभर ८.३३ टक्के किमान बोनस दिवाळीच्या तोंडावर हातात पडतो. त्यामागे हा सगळा रस्ता आहे.

६ ऑगस्ट

१९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा. उद्योगात एकच प्रातिनिधिक युनियन, तिनेच बोलणी करायची. मालकांच्या बाजूने मान्यताप्राप्त संघ. मुंबईत ही युनियन म्हणजे राष्ट्रीय मिल मजदूर संघ. पंचवीस-तीस वर्षं ही घडी मालक संघाला सोयीची गेली. एका टेबलावर दोन संस्था, एक करार, साऱ्या गिरण्यांना लागू. मालकांची एकी टिकवण्याचं काम आता कायदाच करत होता.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले तेव्हा या घडीची दुसरी बाजू दिसली. कामगार एका नेत्यामागे आणि कायद्याने मान्य युनियन दुसरीच. मालक संघाने कायद्याकडे बोट दाखवलं: बोलणी होतील ती मान्य युनियनशीच. कायद्याच्या अक्षराप्रमाणे ते बरोबर होतं. पण ज्याच्यामागे माणसं आहेत त्याच्याशी न बोलता संप मिटत नाही, हे १९२८ ला याच संघाने अनुभवलं होतं. तेव्हा संपाच्या पुढाऱ्यांशीच बोलणी करावी लागली होती.

मालकांतही सगळ्यांना संप सारखा टोचत नव्हता. भिवंडी आणि इचलकरंजीच्या यंत्रमागांवर कापड विणून घेऊन आपल्या छापाने विकणं मोठ्या गिरण्यांना जमत होतं. जुनी यंत्रं आणि कर्जं घेऊन बसलेल्या छोट्या गिरण्यांना उघडण्याची ताकदच राहिली नाही. संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. १९८३ मध्ये सरकारने तेरा गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यानंतर प्रश्न कापडाचा राहिला नाही, जमिनीचा झाला. १९९१ ची विकास नियमावली, २००१ चा बदल, २००६ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हा भाग पुस्तकात घ्यायचा नाही, असं आज ठरवलं. मालक संघाच्या इतिहासाचा धागा तिथे सुटतो. जमिनीच्या व्यवहारात प्रत्येक मालक एकटा होता.

१२ ऑगस्ट

प्रकरणांचा क्रम नक्की केला. काळानुसार न लावता संघाने सगळ्या गिरण्यांना लागू केलेल्या गोष्टींनुसार लावायचा: सुट्टी, तास, दर, स्थायी आदेश, बदली कार्ड, बोनस, करार. प्रत्येक प्रकरणात तीन प्रश्न. आधी प्रत्येक गिरणीत काय चालत होतं, कुणाच्या दबावाने एकसारखं झालं, आणि कोण बाहेर राहिलं. तिसऱ्या प्रश्नात साचेखात्याचं दार बंद असलेले कामगार येतील, बदलीवाले येतील, आणि सूत गुंडाळण्याच्या रीलिंग-वाइंडिंग खात्यांमधल्या बायकाही येतील. बायकांच्या तासांवर आणि रात्रपाळीवर बंधनं आली तसे मालक त्यांच्या जागी पुरुष घेऊ लागले, आणि संघाच्या तक्त्यांत त्यांची संख्या दशकागणिक घटताना दिसते. त्यांच्यासाठी वेगळं प्रकरण लागेल, एका परिच्छेदात ते मावणार नाही.

परिशिष्टात १८८१ ते १९४८ च्या कारखाना कायद्यांचा तासांचा तक्ता: मुलं, बायका, पुरुष असे वेगळे रकाने. पुरुषांच्या रकान्यात १८८१ आणि १८९१ रिकामे, १९११ ला बारा तास, १९२२ ला आठवड्याचे साठ, १९३४ ला चौपन्न, १९४८ ला अठ्ठेचाळीस. प्रत्येक वर्षाखाली संघाने त्या वेळी सरकारला काय लिहिलं, ते दोन ओळींत.

पुढचं काम: १९१७ ते १९२६ च्या जकातीच्या पत्रव्यवहाराची सूची, आणि वाइंडिंग खात्यात काम केलेल्या दोन आजींच्या मुलाखती. त्यांनी गणपतीनंतर या म्हणून सांगितलं आहे.